भरीचे शब्द

आमचे काका दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात आणि उरलेल्या वेळात गाणी लिहितात. हे उलटं सांगितलेलं त्यांना जास्त आवडेल, पण पोट भिंगांवर चालतं. त्यांच्या गाण्यांपैकी लोकांना एकच ठाऊक आहे, आणि नेमकं तेच घरी रेडिओवर लागलं की काकू हातातलं काम टाकून उठायची आणि खटकन रेडिओ बंद करायची. एकवीस वर्षं हे चाललं होतं.

यामागचं कारण आपल्याला माहीत आहे असं काकांना वाटत होतं, आणि ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. गाण्याच्या धंद्यात बहुतेकदा चाल आधी येते, शब्द मागून. चालीचं माप लक्षात राहावं म्हणून तोवर काहीतरी शब्द भरीला घालतात आणि नंतर काढून टाकतात. हे गाणं लिहायला आलं त्या वेळी काकूची आई आजारी होती, त्यांच्याच घरी असायची. संध्याकाळ झाली की म्हातारी घाबरायची आणि काकू उशाशी बसून तिला तेच तेच सांगायची, "मी इथंच आहे, तू नीज आता, दार उघडं आहे, वारा येऊ दे." काका शेजारच्या खोलीत चाल गुणगुणत होते. शब्द मापात चपखल बसले. त्यांनी ते तसेच संगीतकाराला पाठवले आणि खरं गाणं लिहायला बसले. त्याला आठ दिवस लागले. मी वाचलंय ते. त्यात चंद्र दोनदा आहे.

कागद खिशात घालून ते स्टुडिओत पोचले, तर रेकॉर्डिंग आटोपलेलं, तेही भरीच्याच शब्दांवर. तारीख अलीकडे आली होती आणि यांना कळवायचं सगळेच विसरले होते. "काय शब्द दिलेत हो!" संगीतकार म्हणाले. काकांनी कागद खिशातच राहू दिला.

गाणं बाहेर आलं तोवर म्हातारी गेली होती. गाणं गाजलं. आपण बायकोचं दुःख बाजारात मांडलं, हे काकांच्या मनानं जे घेतलं ते घेतलंच. त्यांनी तिला कधी विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही. आमच्या घरात भाजीतल्या मिठावर तासभर बोलतील, पण असलं काही निघालं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

यंदाच्या संगीत पुरस्कारांत गीतकारांचा सत्कार ठरला आणि काकांना पत्र आलं. खाली लिहिलं होतं, गाणं कसं सुचलं त्याबद्दल चार शब्द बोलावेत. काकांची झोप उडाली. त्यांनी मला तीन भाषणं म्हणून दाखवली. एकात नदीकाठ होता, एकात पौर्णिमा, एकात दोन्ही. तिन्ही शुद्ध थापा.

"खरं सांगून टाका की," मी म्हणाले.

"तुझ्या काकूसमोर? मग राहायला कुठं जाऊ, तुझ्याकडे?"

रविवारी दुपारी सभागृह भरलं. काकू तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. काका माइकसमोर आले, खिशातून भाषण काढलं, बघितलं आणि परत ठेवून दिलं.

"हे शब्द माझे नाहीत," ते म्हणाले. "माझ्या बायकोचे आहेत. ती आजारी आईला सांगायची, ते मी ऐकले आणि तिला न विचारता वापरले. आजवर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. तिची माफी मागतो."

काकू आता उठून जाते की काय! टाळ्या चालू असतानाच काका खाली उतरले, स्मृतिचिन्ह तिच्या मांडीवर ठेवलं आणि शिक्षा ऐकायला उभे राहिले.

"अहो, माझेच शब्द मला ओळखू येणार नाहीत का?" काकू म्हणाली.

"मग रेडिओ का बंद करायचीस?"

"तुमचं तोंड एवढंसं व्हायचं म्हणून! मला वाटायचं, तुमचं आठ दिवस खपून लिहिलेलं मागं पडलं आणि हे गाजलं, ते तुम्हाला सलतंय. तुम्ही दुकानात गेलात की मी रोज मोबाइलवर लावते. आईजवळ बसल्यासारखं वाटतं."

काका मटकन खुर्चीत बसले. "रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी असता."

मला हसू आवरेना. इतकं हायसं मला स्वतःच्या परीक्षेच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं. तेवढ्यात स्टेजवर गायिकेनं तेच गाणं सुरू केलं. काकूनं सवयीनं आधी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत होते. मग तिनं खुशाल डोळे मिटले आणि ऐकत बसली.