पगारपत्रकावरचे तीन अंगठे

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनही कच्चं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्या काळी तेवढ्यावर पोलिसात घेत. हवालदार म्हणून निवृत्त झाले. कितीतरी केसेस विसरले, मुलुंडची ही एक मनातून जात नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. महापालिकेच्या सफाई खात्यातली एक बाई ठाणे अंमलदाराचं टेबल ओलांडून थेट माझ्याकडे आली. सहा वर्षं ती बदली कामगार होती. म्हणजे रोज सकाळी सफाई खात्याच्या हजेरी चौकीवर उभं राहायचं, कुणी आलं नसेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. काम मिळालं की हजेरी कारकुनाला दोन रुपये द्यायचे.

"ताई, आमच्या चौकीत तीन मानसं अशी हायत, जी आमी कुनी बघितलीच न्हाईत. पगार मात्र दर महिन्याला उचलतात."

त्या जागा मोकळ्या झाल्या तर ती कायम होणार होती.

"आणि कारकुनाला कळलं तर?"

"माझं बदलीचं कार्ड फाडंल. दोन पोरी हायत पदरात. पन किती वर्सं गप बसू?"

आमच्या ठाण्याच्या साहेबांनी वॉर्ड ऑफिसातून पगारपत्रक मागवलं आणि कारकुनाला बोलावलं. तो इस्त्रीच्या शर्टात, हसत आला. "साहेब, ते तिघं रात्रपाळीचे. या बायकांना कसे दिसणार? हे बघा त्यांचे अंगठे." दोन दिवस चौकशी चालली. त्याचं उत्तर बदललं नाही.

बाईचा जबाब झाल्यावर कागद आवरताना मी ते अंगठे पाहिले. माझ्या आईचा जन्म खराटा मारण्यात गेला. बांबूवर घासून अंगठ्याच्या रेषा झिजतात, ठसा डागासारखा उठतो. पत्रकावर सगळ्यांचे तसेच होते. या तिघांच्या रेषा मात्र कोरल्यासारख्या. साहेबांपुढे बोलायची मला भीती वाटे, तरी बोलले.

"साहेब, हे तिघं खराटा धरत नाहीत."

साहेबांनी शाईचा पॅड कारकुनापुढे सरकवला. "द्या अंगठा."

"मी सही करतो साहेब, अंगठेबहाद्दर नाही!"

"आज व्हा."

तो एकटाच हसला. हात काही खिशातून निघेना. तिन्ही अंगठे त्याचेच होते. तज्ज्ञांचा अहवाल यायच्या आधीच त्याने कबुली दिली.

वॉर्डाच्या साहेबांनी मग हजेरी उघड्यावर, मोठ्याने नाव पुकारून घ्यायला लावली. एका सकाळी मी बघायला गेले. एका नावाला कुणी ओ देईना, तर मागून एक बाई ओरडली, "गेलाय तो मेव्हन्याच्या लग्नाला, मांडू नका त्याची!" सगळे हसले. पण हजेरी मांडली गेली नाही. चोर आम्ही एक पकडला होता. चोरीची वाट त्या ओरडण्याने बंद झाली.

ती बाई कायम झाली. कारकून निलंबित झाला, आणि कोर्टाने त्याला बायकांकडून घेतलेले रोजचे दोन-दोन रुपयेही परत करायला सांगितले. कागद कुणाकडेच नव्हता. आकडे तोंडी घेत होतो. बायका वाढवून सांगतील असं साहेबांना वाटत होतं. तक्रार घेऊन आलेल्या त्या बाईची पाळी आली.

"माझ्यातले साठ वजा करा. पोरीच्या तापाला त्याच्याकडून उसने घेतलेले."

"अगं, त्याने तुला लुबाडलं ना?" मी म्हणाले.

"ते त्याचं पाप. हे माझं देनं."

तिच्यामागच्या दोघींनी आपापले आकडे कमी केले. साहेबांनी एकही प्रश्न न विचारता ते आकडे तसेच लिहून घेतले. प्रामाणिकपणा वरून हुकूम काढून येतो असं मला तोवर वाटायचं.

कारकुनाने तीन हप्त्यांत पैसे भरले. शेवटच्या दिवशी कुणाचंही काही बाकी राहिलं नाही.