लखूची पाठ

लखू गुरांना दगड मारायचा, पण त्याचा दगड कधी कुठल्या गुराला लागला नाही. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बैलबाजारात. माझा एक खोंड दावं तोडून मोठ्या रस्त्याकडे सुटला होता. माझी दोन माणसं काठ्या घेऊन बोंबलत मागे धावत होती, आणि ती जितकी बोंबलत तितका खोंड उधळत होता. लिंबाखाली बसलेला एक उंच, काळा, हाडकुळा पोरगा उठला. चार-सहा पावलं पळत आला आणि त्यानं दगड फेकला. दगड खोंडाच्या पुढच्या खुरांपुढे वीतभर अंतरावर आपटला. खोंड थबकला. दुसरा दगड त्याच्या डाव्या अंगाला पडला, तसा तो उजवीकडे वळला आणि मुकाट माझ्याकडे चालत आला.

"नेम चुकला असता तर पाय मोडला असता की त्याचा," मी ओरडलो. आभार मानायची मला सवय नाही.

"लागंल असा मारायचाच न्हाई, शेठ. नुसता म्होरं टाकायचा. जनावर आपसूक वळतंय."

तो आहुप्याचा, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावचा. तिकडे गुरं कड्याच्या काठावर चरतात. दगड लागून एखादं बिचकलं तर थेट खाली कोकणात जातं. त्यामुळे दगड टाकण्याची ही रीत त्याच्या हातात लहानपणापासून बसली होती. मी अवसरी बुद्रुकचा, धंद्यानं हेडी, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारा. बापानं मला काही ठेवलं नव्हतं. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचे, हे मी दुसऱ्यांच्या दावणीला राबून शिकलो. माणूस आणि जनावर पाहिल्याबरोबर मला कळतं असा माझा समज होता. त्याच दिवशी मी लखूला कामावर ठेवलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं.

बाजार नसला की आमची माणसं गावच्या मैदानावर क्रिकेट खेळायची. एकदा त्यांनी लखूच्या हातात चेंडू दिला. महिनाभरात त्याच्यासमोर बॅट धरायला कुणी तयार होईना. त्याचा चेंडू पायापुढे पडायचा आणि तिथून कुठे जाईल ते सांगता यायचं नाही. तो कुणाच्या अंगावर मात्र कधी टाकायचा नाही. पोरं चिथवायची, "लखू, एक छातीवर घाल की राव." तो म्हणायचा, "कशापायी? त्याचं न माझं काय बांधाचं भांडाण हाये?"

मीच त्याला पुण्याला नेला. तिथं एक म्हातारे प्रशिक्षक क्लब चालवायचे. त्यांनी सहा चेंडू पाहिले आणि विचारलं, "याला कुणी शिकवलं?"

"गाईंनी," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग राहण्याची सोय, जेवण, बूट, सगळ्यावर मी घासाघीस सुरू केली. शेवटी ते वैतागले. "अहो, तुम्ही बैल विकायला आलात की मुलगा शिकवायला?"

"विकायला न्हाई आलो. घ्यायचा तर नीट घ्या, एवढंच म्हणणं आहे."

त्यांनी नीट घेतला. खिळ्यांचे बूट हातात आले तेव्हा लखूनं ते उलटे करून बराच वेळ पाहिले. म्हणाला, "नाल तर बैलाला मारत्यात, शेठ." आम्ही दोघं हसलो. चार वर्षांत तो राज्याच्या संघात गेला आणि त्यानंतर भारताच्या. वर्तमानपत्रात आलं, 'पुण्याचा वेगवान गोलंदाज'. मी ते पान घेऊन कचेरीत गेलो आणि तिथल्या माणसाला म्हणालो, एकदा आहुप्याच्या एसटीत बसून बघा, मग पुण्याचा म्हणा. दुसऱ्या दिवशीही त्यांनी पुण्याचाच लिहिला.

त्याचा पहिला मोठा सामना बघायला मी त्याच्या आईला, ठकाबाईंना, जीप पाठवून खाली आणलं. माझ्या ओसरीवर टीव्ही, अंगणात अर्धं गाव. ठकाबाई सगळ्यात पुढे, गुडघ्यांना मिठी मारून बसलेल्या. लखू धावत आला की त्या पुटपुटायच्या, "किती लांबून पळतंय. जवळनं टाकलं तर घेत न्हाईत व्हय?" लोक हसले. त्यानं दोन गडी बाद केले, अंगणात फटाके वाजले, मला लोकांनी खांद्यावर घेतलं. मीही उतरलो नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी त्याचा मुंबईहून फोन आला. परदेश दौऱ्याआधी सगळ्या खेळाडूंची तपासणी होणार होती.

"शेठ, कंबरंत कायतरी चावतंय. चेंडू सोडताना सुरी घातल्यागत व्हतं."

"किती दिवस झाले?"

"झालं दोन महिनं. कुणाला बोललो न्हाई."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बैल लंगडत असला तर विकणारा तो पहाटे चार-सहा फेऱ्या चालवून आणतो. अंग तापलं की लंगडणं दिसत नाही. खोड लपवणं विकणाऱ्याचं काम, शोधणं घेणाऱ्याचं. याला आमच्यात कुणी पाप म्हणत नाही. ज्याला डोळे आहेत त्यानं बघून घ्यावं. मी तीस वर्षं असाच जगलो होतो, आणि त्या फोनवरही मला तेच सुचलं.

"सकाळी उठल्या उठल्या तासभर चाल," मी सांगितलं. "अंग गरम करून त्यांच्यासमोर जा. वाकायला लावलं तर श्वास धरून वाक. तोंडावर काही दिसू देऊ नको. एकदा दावणीतून सोडलेला बैल परत कुणी बांधत नाही, लखू. पाठ नंतर बघू."

"बरं, शेठ," तो म्हणाला.

तो तपासणीत पास झाला. मी खूश होतो. साहेबलोकांच्या डॉक्टरला आपण फसवलं, असं मी चारचौघांत सांगितलं नाही, पण मनात चाखलं.

दौऱ्यातला तिसरा सामना आपल्याकडच्या वेळेनं सकाळीच सुरू झाला. ठकाबाई पुन्हा माझ्या ओसरीवर आल्या होत्या. आठव्या षटकात लखू धावत आला, उडी घेतली, हात फिरला आणि तो खेळपट्टीवर उताणा पडला. चेंडू कुठे गेला कुणी पाहिलं नाही. अंगणातला एक जण म्हणाला, "पाय मुरगाळला वाटतं." ठकाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "पाय न्हाई," त्या म्हणाल्या. "पाठ गेली त्याची." सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. स्ट्रेचर येईपर्यंत त्या उभ्याच होत्या. मी टीव्ही बंद केला.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला फोटोवर दाखवलं. मणक्याला आधी एका बाजूला बारीक चीर होती. दोन-तीन महिने नुसता पडून राहिला असता तर भरून आली असती. आता मणका दोन्हीकडून तुटला होता. शस्त्रक्रिया झाली. तो चालायला लागला, पण त्याला वाकता येईना. गोलंदाजी संपली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

क्रिकेटवाल्यांच्या कचेरीत त्याला बोलावलं, मी बरोबर गेलो. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "दुखणं आधीपासून होतं? लपवायला कुणी सांगितलं?"

मी लखूच्या शेजारी बसलो होतो. एका हाताच्या अंतरावर.

"कुणी न्हाई," लखू म्हणाला. "माझं मीच."

साहेबांनी कागदावर लिहून घेतलं: खेळाडूनं दुखापत लपवली. बाहेर आल्यावर मात्र माझा पारा चढला. त्याच साहेबांना मी कॉरिडॉरमध्ये गाठलं. "तुमचा डॉक्टर काय झोपला होता? तपासून घेतलात, पळवलात, मोडला, आणि आता विकणाऱ्याकडे बोट दाखवता?" शिपायानं मला जिन्यापर्यंत आणून सोडलं. लखू खाली फाटकापाशी उभा होता. काठी टेकून, अगदी सरळ.

तो आहुप्याला गेला. मी चार वर्षं गेलो नाही. वाट लांब होती असं नाही. त्या वर्षांत मी बाजारात भेटेल त्याला त्या साहेबाची, त्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. सांगताना दरवेळी माझा आवाज चढायचा.

शेवटी भातकापणीच्या दिवसांत गेलो. लखूची आई आणि मधल्या वर्षांत लग्न करून आणलेली बायको वाकून कापत होत्या. तो बांधावर उभा राहून, कुणी वर दिलेल्या पेंढ्या घेऊन रचत होता. मला पाहून हसला. म्हणाला, "या शेठ. बैल बघायला आला का?" आम्ही बांधावर थांबलो. त्याला बसताना त्रास होतो, म्हणून मीही बसलो नाही. जरा इकडचं-तिकडचं झाल्यावर मी म्हणालो, "त्या साहेबासमोर माझं नाव घ्यायला पाहिजे होतंस. लपव म्हणून मीच सांगितलं होतं."

"ते मला ठावं हाये की."

"मग घेतलं का नाहीस?"

त्यानं एक पेंढी नीट बसवली. "शेठ, तवा माझ्यासंगं डाक्टर व्हता, कप्तान व्हता, पुण्याचं सर व्हतं. त्यातल्या एकालाबी बोललो न्हाई. तुमालाच फोन केला. कशापायी केला आसंल?"

मी पायानं बांधावरचं ढेकूळ फोडत राहिलो.

"मला वाटलं व्हतं, तुमी थांब म्हणाल. डाक्टर थांब म्हणला असता तर म्या ऐकलं नसतं. तुमी म्हणला असता, तर थांबलो असतो."

एवढं बोलून त्यानं पुढची पेंढी घ्यायला हात लांबवला. ठकाबाईंनी ती वर दिली. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे पाहून काही म्हणतील म्हणून मी थांबलो, पण त्या परत खाली वाकल्या आणि कापू लागल्या.

बाजारात लोक अजूनही विचारतात, आहुप्याच्या त्या पोराला कुणी संपवलं. मी क्रिकेटवाल्यांचंच नाव घेतो.