डावी बाजू माझी

"डावा हात जड जातोय रे," जोशी काका म्हणाले आणि टाइप करायचे थांबले.

डावी बाजू माझी होती.

काका एका कारखान्यात टायपिस्ट होते. ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणून जपलेला. त्याच्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली नाण्याएवढी फोमची चकती असते, तिला चंदेरी कागद चिकटवलेला. बटण दाबलं की कागद खालच्या प्लेटजवळ जातो आणि अक्षर उमटतं. इतक्या वर्षांत फोमचा पार भुगा झालेला. सगळ्या चकत्या नव्या कापायच्या होत्या.

डोंबिवलीच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात रिपेअरिंगचं टेबल एकच. दुकानाचे मालक, आमचे सर, त्यांनी कीबोर्ड आम्हा दोघा पोरांत वाटला. "डावी बाजू तुझी, उजवी प्रसादची. ज्याचं काम चांगलं त्याला टेबल. दुसरा बाहेरचे कॉल बघेल, गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन."

प्रसाद डिप्लोमावाला, इथलाच. दुपारी त्याच्या आईचा डबा उघडला की सगळं दुकान वळून बघतं. मी नववीत शाळा सोडून हिंगोलीहून आलेलो. सरांनी दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, ते मी विसरत नाही. पण टेबल गेलं तर माळाही जाईल, असं सारखं वाटायचं. म्हणून मी चकत्या हाताआड धरून कापल्या. प्रसादला फोम दाखवला नाही, त्याचा बघितला नाही.

बटणं सगळी चालली. फक्त माझा फोम कडक निघाला, त्याचा मऊ.

"काका, कुठल्या बाजूसारखं करू?" सरांनी विचारलं.

"उजव्या. ती बोटांना ओळखीची वाटते."

माझे कान तापले. डावी बाजू पुन्हा खोलायची तर प्रसादचाच फोम लागणार होता.

"उरलाय का रे?" मी विचारलं.

"भरपूर. मला वाटलं तू मागशील, म्हणून डबल आणलेला."

हे त्याने बोलायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी काकांनी डोळे मिटून टाइप केलं. म्हणाले, "आता कसं, एकाच माणसाने केल्यासारखं वाटतंय."

तो माणूस प्रसाद. टेबल त्याला मिळालं.

मी घाबरत सरांना माळ्याचं विचारलं. "माळ्याचा आणि टेबलाचा काय संबंध?" ते म्हणाले आणि घोडबंदर रोडच्या कॉलचा पत्ता हातात दिला.

एक शिकलो. काम वाटून घेतलं तरी सामान एकत्र आणावं. बाकी, प्रसादचा डबा उघडायच्या वेळेला मी कॉलवर निघतो. ट्रॅफिक असतं, लवकर गेलेलं बरं.