हिरव्या मोटारीच्या दारावरची हळद

लेकरांनो, तिकडच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यातला फोटो तुम्ही पाठवलात आणि खाली लिहिलंत, ‘आजी, आबांची गाडी अशीच ना? दिवाळीला आलो की तिच्यातून औंढ्याला जाऊ.’ तुम्ही येण्याआधी मीच सांगते. नाहीतर इथे आल्यावर दुसरं कुणी सांगेल, आणि हसत सांगेल.

हो, अशीच. दुसऱ्या महायुद्धाआधीची, विलायती, काळपट हिरवी. लांब बॉनेट, तारांची चाकं, मागे दुमडणारं कापडी छत. वसमतच्या एका जुन्या मुस्लिम घराण्याच्या गोठ्यात कडब्याखाली पडली होती. आबांनी ती ट्रॅक्टरमागे बांधून इथे आपल्या गावी, हट्ट्याला आणली आणि पुढची कित्येक वर्षं तिच्यात घातली. तिचं इंग्रजी माहितीपुस्तक मी वाचून अर्थ सांगायची आणि ते मान खाली घालून ऐकायचे. माझं दुसरं कुठलंच बोलणं त्यांनी इतकं मन लावून ऐकलं नाही. त्यांना एकच हवं होतं. मला शेजारी बसवून, मध्ये कुठे बंद न पडता, औंढा नागनाथापर्यंत एकदा जायचं.

रंग दिला त्या वर्षीची खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटारसायकल, विळे, सगळ्यांची पूजा होते. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, म्हणजे तुमची आत्या, तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिने ट्रॅक्टरवर उमटवला तसाच हळदीचा पंजा मोटारीच्या दारावर उमटवला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. आबांनी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली.

“पूस,” ते म्हणाले.

ती फडकं शोधायला वळली, तर म्हणाले, “अंगावरच्यानं पूस.”

नव्या परकराने तिने ते दार पुसलं. डाग गेला नाही, पसरला. पुढे कित्येक दिवस भावंडं तिला चिडवत होती, “ए मोटारपुशे, माझी सायकल पण पूस गं!” आबा ते ऐकायचे आणि गालात हसायचे. दाराला त्यांनी नव्याने रंग दिला.

तिचं लग्न ठरलं तेव्हा मोटारीचं इंजिन कुठे चालू लागलं होतं. औंढ्याचा दिवसही आबांनी मनात धरला होता. बैठकीत तिने बापाच्या कानात काही सांगितलं, आणि माझे दीर व्याह्यांकडे बघून मोठ्याने म्हणाले, “पाव्हणे, पोरगी आमच्या विलायती मोटारीतूनच निघंल.” व्याह्यांसमोर दिलेला शब्द. तो मोडला असता तर लग्नच अडलं असतं. आबांनी मान डोलावली. पोरीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मे महिन्यातली दुपार होती. आबा चालवत होते, मागे नवरा-नवरी, आणि पुढे डीजेची गाडी मुंगीच्या पावलांनी. त्या मोटारीला पाण्याचा पंप नाही. ती पळत राहिली तरच वाऱ्याने थंड राहते. माहितीपुस्तकातलं हे पान आबांना तोंडपाठ होतं. वेशीपाशी पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली. आबांनी गाडी बंद केली.

“थोडं थांबू द्या. गार झाल्यावर पाणी घालतो.”

“काहून थांबायचं?” नवरदेवाचा एक मित्र ओरडला. “टँकर उभाच हाय की!” त्याने कपडा धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. दुसरा पाण्याची घागर घेऊन आला.

“न्हाई, आत्ता न्हाई!” आबा त्याच्या हाताला झोंबले. “तडकंल ते इंजिन! माझे आई, तू तरी सांग यांना.”

नवरीला ते पहिल्यांदाच आई म्हणाले. मुलगा घागर धरून तिच्याकडे पाहत थांबला. तिने पदर सावरला.

“वता,” ती म्हणाली. “बराबर वता.”

आतून ठण्ण असा आवाज आला. मग खालच्या धुळीत तेल मिसळलेलं पाणी वाहू लागलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती उतरली आणि मागच्या जीपमध्ये बसायला जाता जाता वाकून आबांना नमस्कार केला.

“पुसा आता, मोठे बाबा.”

ट्रॅक्टरमागे आली होती तशीच मोटार ट्रॅक्टरमागे घरी गेली. दीर म्हणाले, “लोखंडासाठी डोळे पुसून राहिला, दादा? माझी लेक गेली आज.” आबा त्यानंतर पाच-सहा वर्षं होते, पण बॉनेट त्यांनी पुन्हा उघडलं नाही. औंढ्याला आम्ही एसटीने गेलो. ते खिडकीशी बसले आणि सगळा रस्ता बाहेर बघत राहिले.

आत्या दर दिवाळीला येते. तिची मुलं मोटारीत बसून भोंगा वाजवतात. खंडेनवमीला पूजेला तीच येते आणि त्याच दारावर पंजा उमटवते. तो कुणी पुसत नाही.

मोटार शेडमध्ये आहे. इंजिनाला बोटभर चीर आहे. चाकं फिरतात, गाद्या शाबूत आहेत, भोंगा वाजतो. तुम्हाला तिच्यात बसता येईल.