हनुवटीवरचा पत्ता

माझ्या आधी आईची दोन मुलं गेली. दोन्ही रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात, दोन्ही वर्षाच्या आत, आणि दोन्ही, आईच्या म्हणण्याप्रमाणे, नजर लागावी इतकी देखणी. म्हणून मी झाले तेव्हा तिनं ठरवलं की ही पोर देखणी राहू द्यायची नाही. आमच्या पैगंबराचा, एलियाहू हन्नबीचा, नवसाचा मलिदा केलाच, पण तेवढ्यावर भरवसा नव्हता म्हणून गावोगाव फिरणारी गोंदणारीण बोलावली आणि माझ्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके टोचून घेतले. नाकही टोचलं. खोट असलेलं पोर मरणाला नको असतं, असा गावातल्या सगळ्याच जातींचा समज होता. आम्ही शनिवार पाळणारे यहुदी असलो तरी मरण आमच्याकडे काही वेगळ्या वाटेनं येत नव्हतं. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, अंगावर गोंदणं मना आहे हे आईला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणायची, "तोरा वाचायला पोर आधी जगायला नको?"

मी जगले. मुंबईत इंग्रजी शाळेत शिकले, आणि मग सगळ्यांबरोबर इस्रायलला आले. लोदला आमचं घर विमानतळापासून इतकं जवळ होतं की विमान उतरायला लागलं की फळीवरची भांडी वाजायची. आई प्रत्येक विमानाला हातातलं काम थांबवायची आणि ते उतरल्याची खात्री झाली की पुन्हा लागायची. मुंबईहून येताना ती सारा वेळ डोळे मिटून, माझं मनगट आवळून बसली होती. उतरल्यावर मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते. मला मात्र त्या प्रवासातली एकच गोष्ट लक्षात राहिली. निळ्या टोपीतली एक बाई विमान हलत असताना हातात ट्रे घेऊन, थेंबही न सांडता, आमच्यापर्यंत आली आणि माझ्याशी अदबीनं बोलली. माझ्याशी अदबीनं बोलणारी ती पहिली गोरी बाई, आणि तिच्यानंतर बरीच वर्षं दुसरी भेटली नाही.

त्रेसष्ट साली मी वीस वर्षांची होते आणि डबाबंद संत्र्यांच्या कारखान्यात सालं काढत होते. संत्र्याचा रस बोटांच्या चिरांत गेला की काय होतं ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. घरी येऊन भाकरीचं पीठ मळवत नसे. मला तिथून सुटायचं होतं. तेल अविवमधली एक लहानशी विमान कंपनी, जी पुढे दोन-तीन वर्षांत बुडाली आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही, दयेलेत म्हणजे एअर होस्टेस मुली घेत होती. इंग्रजी येणारी हवी होती. बाबा म्हणाले, जाऊन बघ. आईनं नुसतं तोंड फिरवलं.

मी नाकातली चमकी काढली, भोकावर आणि हनुवटीवर पावडरचा थर दिला आणि बस पकडली. ऑफिसात तिघं बसले होते. दोन पुरुष, आणि मध्ये एक बाई, जी पूर्वी स्वतः विमानात काम करायची. त्यांनी मला चालायला लावलं, वळायला लावलं, दात बघितले, हात पालथे करून नखं बघितली. बैल घेताना निदान त्याच्या पाठीवरून हात तरी फिरवतात. पण इंग्रजीतल्या प्रश्नांना मी फडाफड उत्तरं दिली आणि डावीकडचा पुरुष मान डोलवायला लागला. मला वाटलं, झालं काम.

दिवस उन्हाळ्याचे, खोलीत पंखा नाही. पावडर घामानं वाहून गेली. बाई पुढे वाकून म्हणाली, "तुझ्या हनुवटीला शाई लागलीय." मी काही बोलण्याआधीच तिनं टेबलावरच्या पेल्यात रुमाल बुडवला, उठून आली आणि माझी हनुवटी पुसायला लागली. निघेना तशी जोरात घासायला लागली. मी तोंड वर करून उभी. शेवटी तिनं कोरा रुमाल बघितला, मग मला बघितलं आणि विचारलं, "क्तोवेत काआका?"

आता माझं हिब्रू म्हणजे दुकानातलं, कारखान्यातलं आणि सरकारी फॉर्मवरचं. क्तोवेत म्हणजे पत्ता. या देशात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक कागदावर मी तो शब्द भरला होता. काआका मात्र कधी ऐकला नव्हता. मला वाटलं ती 'काखा' म्हणाली, म्हणजे 'असाच'. पत्ता असाच तोंडी सांग, असं म्हणत असेल. पत्ता विचारतात म्हणजे नोकरी मिळाली, कळवायला लागेल ना! मी मान ताठ करून, अगदी स्पष्ट उच्चारात म्हणाले, "लोद." आणि वर घराचा नंबर, जिना, मजला.

तिघंही हसले. बाईनं तर खुर्चीचा आधार घेतला. क्तोवेत काआका म्हणजे गोंदण. हनुवटीवर काय आहे असं ती विचारत होती, आणि मी तिला तिसरा मजला सांगत होते. डावीकडचा, मघाशी मान डोलवणारा, म्हणाला, "बरंय, हरवली तर पोस्टानं घरी पोचेल." दुसऱ्यानं डोळे पुसत विचारलं, "पण तुम्ही यहुदी ना? मग हे कसं?" हा प्रश्न त्या वर्षांत आम्हा हिंदुस्थानातून आलेल्यांना लग्न लावणाऱ्यांपासून भाजीवाल्यापर्यंत कुणीही विचारायचं. त्याची मला सवय होती. हसण्याची नव्हती. बाई शेवटी म्हणाली, "इंग्रजी चांगलं आहे तुझं. पण प्रवाशांना हे दिसता कामा नये. महिन्याभरानं ये." मी मानेनंच हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात रडले.

लोदच्या दवाखान्यातला डॉक्टर पोलंडचा होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि डाव्या हातावर हिटलरच्या छावणीतला निळा आकडा. तो आकडा म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. तरी मी त्याच्यापुढे हनुवटी केली आणि म्हटलं, हे काढून द्या.

"कुणी केलं?"

"आईनं."

"कशासाठी?"

"मी जगावं म्हणून."

"जगलीस ना? मग घरी जा."

मी विमानातल्या नोकरीचं सांगितलं तसा तो भडकला. कातडी कापावी लागेल, आणि तीन ठिपक्यांसाठी मी सुरी उचलत नाही, म्हणाला, आणि माझ्या डोक्यावरून पुढच्या पेशंटला हाक मारली. त्याचं दुःख मोठं होतं, हे कळण्याइतकी मी मोठी होते. पण मला त्याचा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

घरी येऊन मी सगळं बोलून दाखवलं. एरवी विमानाचं नाव काढलं की उठून जाणारी आई त्या दिवशी बसून राहिली आणि आपण होऊन म्हणाली, "मीच केलं गे, मीच काढते." गावाकडे चामखीळ घालवायला चुना आणि धुण्याचा सोडा लावत. पेसाखच्या सणाआधी भिंतींना देऊन उरलेला चुना घरात होताच. बाबा कामावर गेल्यावर तिनं मला पाटावर बसवलं आणि काडीनं हनुवटीवर लेप दिला.

"जळायला लागलं की सांग."

जळायला लागलं. मी सांगितलं. "सोस जरा," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर दाबून धरले आणि म्हणाली, "अजून थोडं." मी ओरडले. शेजारणीनं भिंतीवर थापा मारल्या. मी लाथा झाडल्या, पाट उलटा झाला, तरी तिनं हात सोडले नाहीत. सोडले तेव्हा मला ओरडायचंही त्राण राहिलं नव्हतं. मग तिनं हळू हातानं, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि माझ्याबरोबर तीही रडली.

आधी पू झाला, मग खपली धरली. खपली पडली तेव्हा खाली गुलाबी, सुरकुतलेला, मोठ्या नाण्याएवढा डाग होता आणि त्यानं खालचा ओठ एका बाजूला ओढला होता. ठिपके मात्र गेले. मी त्याच आनंदात बसमध्ये बसले. वीस वर्षांची मुलगी किती मूर्ख असते!

ऑफिसातल्या बाईनं मला पाहून तोंडावर हात धरला. "हे काय केलंस?"

"काढलं."

"काढ कोण म्हणालं? दिसायला नको म्हटलं होतं मी. रंग लावून झाकलं असतं. आमच्या मुली रोज काही ना काही झाकतात." तिनं आरशासमोरची एक लहानशी डबी उचलून मला दाखवली सुद्धा. "पण हे मी कशानं झाकू? ओठच वाकडा झालाय तुझा." डावीकडचा पुरुष कागदांतून वर न बघता म्हणाला, जाताना दार लावून घे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दार लावून घेतलं.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"घेतलं?"

"नाही."

ती उठली. माझी हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडे वळवलं आणि तो डाग नीट, सावकाश पाहिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता वर आभाळात कोण नेत नाही तुला."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी विचारलं, "आई, मी जळतंय म्हटल्यावर तू लगेच का नाही पुसलंस?"

"लगेच पुसलं असतं तर नुसते ठिपके गेले असते," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.