अकरा महिने बॉनेट उघडं

बातमीसाठी पांढरकवड्याला गेलो की बातमी मिळतेच असं नाही. पण हायवेवरच्या जब्बारभाईच्या गॅरेजात बाकड्यावर अर्धा तास बसलं की किस्सा मिळतोच. तीस वर्षांत माझ्या बातम्या छापून झाल्या आणि रद्दीत गेल्या. किस्से मात्र वहीच्या मागच्या पानांवर साचत राहिले, कारण ते छापायची कोणाची तयारी नसते. गेल्या दोन वर्षांत तर मागची पानं पुढच्या पानांना भिडायला आली. कारण एकच: पिकअपमधलं ते आपोआप बंद होणारं इंजिन.

गाडी थांबवून न्यूट्रल केली, क्लच सोडला की चार सेकंदांत इंजिन आपसूक बंद. क्लच दाबला की सुरू. डिझेल वाचतं म्हणे! शहरातल्या सिग्नलवर वाचत असेल. आमच्याकडची पिकअप म्हशींसाठी थांबते, टोलवर थांबते, हात दाखवणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसासाठी थांबते. दिवसातून शंभरदा इंजिन बंद-चालू, आणि मार खाते स्टार्टर मोटर. हे जब्बारभाईला आठ दिवसांत कळलं. कंपनीला अजून कळायचंय.

*

देविदास राठोड हा आमच्या मंडळीतला पहिला बळी. तांड्यावरचा माणूस, लग्नाच्या मंडपाचं सामान वाहतो. नवी पिकअप घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी हार घातला, पेढे दिले, पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या किल्लीसोबत फोटो काढला. इंजिन आपोआप बंद होतं, एवढंच सांगायचं राहून गेलं.

घरी येताना शेळ्या आडव्या आल्या. गाडी थांबली, इंजिन बंद. इंजिन जाम झालं या भीतीनं देविदासनं किल्लीला हातही लावला नाही. बॉनेट उघडून फोन केला. जब्बारभाई पंधरा किलोमीटर मोटारसायकल हाणत आला, बॉनेट लावलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू.

"जब्बारभाई, मले वाटलं मेली."

"मेली नाही, झोपली होती. आता रोज झोपन."

*

या झोपेवर इलाज म्हणून डॅशबोर्डवर एक बटण आहे. दाबलं की इंजिन आपोआप बंद होत नाही. पण गंमत अशी, की किल्ली काढून पुन्हा लावली की बटण पहिल्यासारखं! प्रत्येक वेळी आठवणीनं दाबा.

देविदासनं यावर स्वतःचा उपाय काढला. सकाळी एकदा बटण दाबायचं आणि दिवसभर गाडी बंदच करायची नाही. चहाला गाडी चालू, जेवणाला गाडी चालू. डिझेल वाचवायच्या यंत्रानं हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत डिझेल जाळत होता. कंपनीच्या हुशारीचा यापेक्षा मोठा पुरावा मला द्यायचा नाही.

अशीच दारात गाडी घुरघुरत ठेवून तो पुतणीसाठी मुलगा पाहायला गेला. मुलाचे वडील दोनदा बाहेर डोकावले आणि त्यांनी पोह्यांच्या आधीच मुलाला बाहेर बोलावलं. वर देविदासला म्हणाले, "तुम्हाले लय घाई दिसते. आमची हो समजा."

लग्न छान झालं. मंडप देविदासचाच होता.

*

मग जब्बारभाईनं खरी मेख शोधली. बॉनेट उघडं असलं तर इंजिन आपोआप बंद होत नाही, अशी कंपनीचीच सोय आहे. बॉनेटखाली एक छोटा प्लग असतो. तो काढून ठेवला की गाडीला वाटतं बॉनेट उघडं आहे, आणि इंजिन दिवसभर निमूट चालतं. ना तार तोडायची, ना काही कापायचं. वणीपासून गाड्या यायला लागल्या.

एकच अडचण. समोर बॉनेट उघडं असल्याचा लाल दिवा कायम पेटलेला. प्रकाश वानखडे नावाचे आमचे एक जुने चालक आहेत. त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका. चुकीकडे दुर्लक्ष करणं त्यांच्या स्वभावात नाही. दर दोन किलोमीटरला त्या प्रकाशरावांना खाली उतरवून बॉनेट आपटून घ्यायला लावत. पांढरकवडा ते यवतमाळ प्रवासाला दुप्पट वेळ लागला. शेवटी प्रकाशरावांनी हात जोडून सगळं समजावलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं, कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली.

"असं आधी सांगायचं नं," त्या म्हणाल्या.

*

देविदासच्या गाडीचा प्लग निघाला, पण बटण कळायच्या आधीच्या दिवसांत स्टार्टर मोटरनं खायचा तेवढा मार खाल्ला होता. गाडी कधी सुरू होई, कधी नाही. ऐन लग्नसराईत धक्का मारायला माणसं कुठून आणायची? देविदास गाडी उतारावरच उभी करू लागला. मंडपासाठी फोन आला की तारीख विचारायच्या आधी विचारायचा, "तुमच्या घरापाशी उतार आहे का जी?" सपाटीवरची चार लग्नं त्याच्या हातची गेली. पाचवंही जायला आलं होतं.

वॉरंटी शिल्लक होती. तो यवतमाळला सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या मॅनेजरनं गाडीला कॉम्प्युटर जोडला, बराच वेळ पडदा वाचला आणि वॉरंटी नाकारली. कारण: ही गाडी अकरा महिने बॉनेट उघडं ठेवून चालवली आहे.

"साहेब," देविदास म्हणाला, "मंग मले रस्ता कसा दिसे?"

मॅनेजर म्हणाला, ते कॉम्प्युटरमध्ये नाही.

*

माझं डोकं फिरलं. मी सणसणीत बातमी लिहिली. शोरूमचं नाव, मॅनेजरचं म्हणणं, देविदासचा फोटो. पण त्या शोरूमची दसऱ्याला आमच्याकडे पानभर जाहिरात असते. संपादकांनी आधी नाव काढलं, मग गाव काढलं, मग फोटो. छापून आलं ते हवामानाच्या चौकटीखाली: काही ठिकाणी काही वाहनांत किरकोळ अडचणी, चालकांनी काळजी घ्यावी.

देविदासनं ते तीनदा वाचलं. "भाऊ, याच्यात मी कुठं आहो?"

मी त्या दिवशी संपादकांशी इतका भांडलो, की एवढा आवाज बातमीनं केला असता तर मोटर बदलून मिळाली असती.

मिळालं ते एवढंच, की मी रोज फोन करून वात आणला म्हणून कंपनीनं पुण्याहून एक इंजिनिअर पाठवला. त्याचं म्हणणं सरळ होतं: प्लग लावा, मी स्वतः चालवतो, माझ्यासमोर बंद होऊन पुन्हा सुरू झाली नाही तर मोटर मंजूर.

यवतमाळहून कळंबला निघालो. जी गाडी बंद पडू नये म्हणून वर्षभर खटाटोप केला, ती बंद पडावी म्हणून आता सगळे श्वास रोखून बसलेले. इंजिनिअर दर किलोमीटरला थांबवी. इंजिन बंद होई आणि क्लच दाबताच फुरफुरत सुरू! कळंबला देविदासनं चिंतामणी गणपतीपुढे नारळ फोडला. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती. परतीच्या वाटेवर गाडी आणखीच गुणी वागली.

इंजिनिअरनं कागदावर लिहिलं, दोष नाही. सज्जन माणूस होता, ओशाळला. देविदास त्याला म्हणाला, "तुमचा दोष नाही जी. पाव्हण्यासमोर सगळेच चांगले वागते." आणि उद्याच्या लग्नासाठी उतार शोधायला गेला.

इंजिनिअर त्याच संध्याकाळी कंपनीच्या नव्या कोऱ्या गाडीतून पांढरकवड्यामार्गे हैदराबादकडे निघाला.

*

चौथ्या दिवशी देविदासला फोन आला. मोटर मंजूर, येऊन बसवून घ्या. मी सर्व्हिस सेंटरला जाऊन कागद पाहिला. 'दोष नाही' खोडलं होतं, खाली त्याच अक्षरात 'दोष आढळला', सही, आणि तारीख कळंबच्या दुसऱ्या दिवसाची. ठिकाण: पांढरकवडा.

मी तडक जब्बारभाईकडे गेलो. तो हात पुसत म्हणाला, पुण्याचे साहेब टोलनाक्यावरून ट्रकमागे टोचन लावून ओढत आले होते, चहा घेतला, गाडी दाखवली, प्लग काढून घेतला, आनंदात गेले.

मी वही उघडली, पुढचं कोरं पान काढलं. आता हे संपादकांच्या नाकावर टिच्चून छापतो म्हणालो.

जब्बारभाईनं माझा हात धरला. "आत्ता नका छापू भाऊ. सोमवारी त्या मॅनेजर साहेबाची गाडी येऊन राह्यली."