मोम्बासाची वसुली

उधारी वसूल होवो न होवो, तिचे किस्से मात्र व्याजासकट वाढतात! सुरतेत आमच्या जरीच्या पेढीला एकाच गिऱ्हाइकानं इतके किस्से दिले, की माल अगदीच फुकट गेला असं म्हणवत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे मोम्बासाचे रतिलालभाई. एकोणीसशे पासष्टच्या आसपास पेट्या भरून जर घेऊन गेले, पैसे द्यायचे राहिले. शेठनी जाहीर केलं, "मास्तर, मोम्बासाचे पैसे आले की सगळ्यांचा बोनस!" मास्तर म्हणजे मी, जळगावहून आलेला, इंग्रजी पत्रं लिहिणारा कारकून. बोनस मिळाला की बायकोला शिलाई मशीन घ्यायचं ठरलं होतं. ती बिचारी रोज विचारायची, "आलं का तुमचं मोम्बासा?"

*

पहिलं पत्र मी चांगलं कडक लिहिलं. शेठनी कपाळाला हात लावला. "वैर करायचंय का मास्तर? आधी घरच्यांची खुशाली विचारा!" शिवाय व्यापाऱ्यानं रिकामं पाकीट पाठवणं अपशकुनी, म्हणून आत नव्या जरीचा नमुना घातला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पैशांचं नाव नाही, नमुना मात्र पसंत! आणखी दोन पेट्यांची ऑर्डर. आणि आमच्या शेठनी त्या पाठवल्यासुद्धा!

*

मग ट्रंक कॉल. सकाळी बुक केला, संध्याकाळी लागला. मिनिटं तीन. शेठनी त्यांच्या आईची, बांची तब्येत विचारली, मुलीचं सासर विचारलं, तिकडचा पाऊस विचारला. "ते आपलं जरा..." एवढं म्हणाले आणि लाइन कट!

"सुनावलं त्याला," रिसिव्हर ठेवत शेठ म्हणाले.

*

आमचे हिशेबनीस मेहताजी वैतागून वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "नोटीस देतो, पण फी आधी. तुमच्या पेढीची वसुली कशी चालते ते ऐकून आहे मी!"

*

शेवटी शेठचे मेव्हणे जातीनं मोम्बासाला गेले. महिन्यानं परतले ते चांगले गुटगुटीत होऊन.

"पैसे?"

"इतकी सरबराई केली हो त्यानं, मागवेनाच!" उलट निघताना स्वतःच्या हातातलं घड्याळ त्याला भेट देऊन आले होते. घरी मी हे सांगितलं तर बायको सुई ओवत म्हणाली, "मोम्बासा येईपर्यंत हातानंच शिवते मी."

*

दिवाळीनंतर लाभपाचमीला पेढी उघडते, नव्या वह्यांचा मुहूर्त होतो. त्या दिवशी जुनी उधारी तोंडातून काढायची नाही, हा पेढीचा रिवाज. आणि एका वर्षी नेमक्या त्याच सकाळी रतिलालभाई दारात हजर!

शेठनी मिठी मारली, घारी खाऊ घातली. मेहताजी खोकले. मी खोकलो. शेठनी दोघांकडे डोळे वटारले.

"मुहूर्ताचा सौदा माझ्या हातचा!" असं म्हणून रतिलालभाईंनी नवी ऑर्डर दिली, अर्थातच उधारीवर. कोऱ्या वहीत ती मीच लिहून घेतली. माझा नुसता जळफळाट होत होता.

निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, पत्रं फार गोड लिहिता हो तुम्ही. घरी सगळं बरं ना?"

मला राहवलं नाही. "सगळं बरं आहे. फक्त तीन वर्षं बोनस मिळाला नाही."

रतिलालभाईंचा चेहरा खर्रकन उतरला. शेठकडे वळून ते म्हणाले, "अरेरे शेठ! गरिबाचे पैसे असे अडकवायचे नसतात. हाय लागते!"

आणि आमच्या शेठनी त्यांच्यासमोर दोन्ही कान पकडले.